पाटल्या 48 ग्रॅमच्या, भाव तीन: मोडीचा हिशोब कसा मांडायचा

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजेसासूबाईंच्या दोन पाटल्या, 1958 सालच्या लग्नातल्या, वजन 48 ग्रॅम. मुलीच्या लग्नासाठी त्या मोडून बांगड्या करायचा विचार आहे. तीन दुकानं फिरून झाली. पहिला म्हणतो, 22 कॅरेटचा भाव देतो, पण घट (वजनातून कापायचा हिस्सा) 8 टक्के. दुसऱ्याने मशीनवर टंच (शंभर भागांत सोनं किती ते) काढला, 87.5 आला, तो म्हणतो, त्यातल्या चोख (24 कॅरेट) सोन्याचा भाव देतो आणि त्यातून 2 टक्के कापतो. तिसरा म्हणतो, घट शून्य, 22 कॅरेटचा पूर्ण भाव, फक्त नवा दागिना आमच्याकडूनच घ्यायचा. नव्या बांगड्यांची घडणावळ (घडवण्याची मजुरी) पहिल्याकडे 8 टक्के, दुसऱ्याकडे 10, तिसऱ्याकडे 18. ‘यात खरं कोण बोलतंय आणि पाटल्या कुठे द्यायच्या?’ शिवाय घरातली एक कुरबुर आहे. सासऱ्यांच्या वहीत जुनी चिठ्ठी सापडली, ‘पाटल्या, 4 तोळे दीड मासा’. 48 ग्रॅम म्हणजे तर 4.8 तोळे. वजन वाढलं कसं, असा दिरांचा सवाल आहे.

मी 1981 साली गिरगावातल्या एका सराफी पेढीवर काट्यावर बसलो आणि पुढची सगळी नोकरी मोड (मोडायचे जुने दागिने) घेण्यात आणि डाग म्हणजे दागिने घडवून देण्यात गेली. त्या अनुभवावर सांगतो.

ताई, तिघंही खोटं बोलत नाहीत. अडचण अशी आहे की तिघं तीन वेगवेगळ्या मापांत बोलतायत. दादरच्या बाजारात एक आंबेवाला डझनाचा भाव सांगतो आणि दुसरा पेटीचा, तेव्हा आपण आधी विचारतो, ‘पेटीत किती डझन?’ मग स्वस्त-महाग ठरवतो. सोन्याच्या दुकानात मात्र ‘8 टक्के’, ‘2 टक्के’, ‘शून्य’ असे आकडे ऐकले की आपण ते थेट एकमेकांसमोर उभे करतो. पहिल्याचे 8 टक्के 22 कॅरेटच्या भावावर आहेत, दुसऱ्याचे 2 टक्के 24 कॅरेटच्या भावावर. टक्का ऐकला की पहिला प्रश्न हाच: कशाचा टक्का?

हिशोब सोपा जावा म्हणून चोख सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. त्या दिवशीचा भाव वेगळा असेल, पण पुढची सगळी प्रमाणं तीच राहतील. 22 कॅरेट म्हणजे 24 भागांतले 22 भाग सोनं. हॉलमार्कमध्ये ते 916 लिहितात, म्हणजे हजारात 916. तेव्हा 22 कॅरेटचा भाव झाला 9,160.

पहिला दुकानदार: 48 ग्रॅममधून 8 टक्के गेले, उरले 44.16 ग्रॅम. गुणिले 9,160, म्हणजे 4,04,506 रुपये.

दुसरा: 48 ग्रॅमचे 87.5 टक्के म्हणजे बरोबर 42 ग्रॅम चोख सोनं. त्याचे 4,20,000. त्यातून 2 टक्के म्हणजे 8,400 वजा. हाती 4,11,600.

तिसरा: 48 गुणिले 9,160, म्हणजे 4,39,680.

आता या तिन्ही रकमांना मूळ 48 ने भागा. पहिला ग्रॅमला 8,427 देतो, दुसरा 8,575, तिसरा 9,160. घट, टंच, कट, वजावट हे सगळे शब्द आता बाजूला ठेवता येतात. दुकानात शिरलं की एकच विचारायचं: ‘काट्यावर जे वजन दिसतंय त्याच्या ग्रॅममागे माझ्या हातात किती रुपये?’ सराफाला हे सांगता येतं. जो सांगायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून पाटल्या परत घ्या आणि बाहेर पडा.

रोख विकायच्या असतील तर उत्तर इथेच मिळालं. तिसरा रोख देतच नाही. उरलेल्या दोघांत दुसरा 7,094 रुपयांनी चांगला. पण तुम्हाला बांगड्या करायच्या आहेत, आणि इथे हिशोब पालटतो.

त्याआधी तिसऱ्याकडे जरा नीट बघू या. तुमच्या पाटल्यांत चोख सोनं 42 ग्रॅम, म्हणजे 4,20,000 रुपयांचं. तो 4,39,680 देतो म्हणतो. वरचे 19,680 रुपये तो पदरचे घालतोय का? कुठलीही पेढी असं करू शकत नाही. ते पैसे तो तुमच्याच नव्या बांगड्यांच्या घडणावळीतून काढून घेणार आहे. यात लबाडी नाही, दर लावायची एक पद्धत आहे. पण गिऱ्हाईकाला जुन्याच्या पावतीवरचं शून्य तेवढं दिसतं आणि नव्याच्या पावतीवरचे 18 टक्के नजरेआड होतात.

नवी 22 कॅरेटची बांगडी ग्रॅमला कितीला पडते ते बघा. सोन्याचा भाव, त्यावर घडणावळ, आणि दोन्हींच्या बेरजेवर 3 टक्के जीएसटी. तिसऱ्याकडे 9,160 गुणिले 1.18 गुणिले 1.03, म्हणजे 11,133 रुपये. (18 आणि 3 मिळून 21 टक्के होत नाहीत, 21.54 होतात, कारण जीएसटी घडणावळीवरही लागतो.) दुसऱ्याकडे 10 टक्क्यांनी 10,378. पहिल्याकडे 8 टक्क्यांनी 10,190.

आता प्रत्येकाने मोडीचे जे पैसे दिले त्यात त्याच्याचकडे, पदरचा रुपया न घालता, किती ग्रॅमच्या बांगड्या येतात?

पहिल्याकडे 39.70 ग्रॅम. दुसऱ्याकडे 39.66 ग्रॅम. तिसऱ्याकडे 39.49 ग्रॅम.

मोडीच्या पावतीत 35,000 रुपयांचा फरक दिसत होता, तो बांगड्यांत उतरला तेव्हा 0.2 ग्रॅमवर आला. त्यातही जो सगळ्यात कमी पैसे देत होता त्याच्याकडे बांगड्या काकणभर जास्तच आल्या. म्हणून मोड घालून नवं घेताना हिशोब रुपयांत कधी करू नका, सोन्यात करा. ‘मी इतके ग्रॅम देते, वर काही देणार नाही, मला किती ग्रॅम मिळतील?’ हा प्रश्न तिन्ही दुकानांत विचारलात की कागद-पेन्सिलसुद्धा लागणार नाही.

एक जपायचं. तिन्ही ठिकाणच्या बांगड्या एकसारख्या घडणीच्या असायला हव्यात. साध्या मशीनकटिंगच्या बांगडीची घडणावळ आणि हाताने कोरलेल्या तोड्याची घडणावळ यांची तुलनाच होत नाही. आणि काही दुकानांत घ्यायचा भाव वेगळा, द्यायचा वेगळा असतो. पाटीवर दिसतो तो विकायचा भाव. मोडीला तोच लावणार का, हे आधी विचारून घ्या, आणि दोन्ही पावत्या एकाच दिवशी, एकाच भावाने करा.

आता तुमच्या पाटल्यांचा टंच 87.5 का आला, म्हणजे 21 कॅरेटच का, ते सांगतो. घरात लगेच ‘त्या काळच्या सोनाराने फसवलं’ असं बोललं जातं, आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. पूर्वी सोनार चोख सोन्यात तांबं-चांदी घालून स्वतः मुशीत (वितळवायच्या भांड्यात) आटवायचा. टंच हाताने आणि नजरेने साधलेला असायचा. जिथे जोड यायचा तिथे झाळ (सांधायचा मिश्र धातू) लावायची, आणि झाळ मूळ सोन्यापेक्षा आधी वितळायला हवी म्हणून तिच्यात हिणकस जास्त. सगळा डाग एकत्र आटवला की ते हिणकस मिसळतं आणि टंच खाली येतो. पाटलीला जोड कमी, म्हणून ती 21 च्या आसपास राहते. बारीक कड्यांची साखळी किंवा मोहनमाळ असती तर आकडा आणखी खाली गेला असता. तुमच्या पाटल्या 1958 च्या आहेत हेही बरं झालं. 1963 साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने 14 कॅरेटच्या वर घडवायला मनाई झाली. अट पुढे सैल झाली, पण त्या दिवसांतला डाग कोणी घेऊन आलं की मी आधी लग्नाचं साल विचारायचो.

मशीनच्या आकड्याबद्दल थोडं. ती क्ष-किरणांची मशीन डागाच्या वरच्या पातळ थराचा टंच सांगते, पोटातला सांगत नाही. म्हणून एका ठिकाणचा आकडा घेऊन थांबू नका. दोन्ही पाटल्या, प्रत्येकी तीन ठिकाणी, त्यातलं एक ठिकाण जोडाजवळचं, असं बघायला लावा. आम्ही मशीन यायच्या आधी काळ्या कसोटीच्या दगडावर घासून तेजाब (आम्ल) लावायचो आणि रेघ किती टिकते त्यावरून सांगायचो. सरावाच्या माणसाचा अंदाज फार चुकत नसे, पण अर्ध्या टक्क्याचं भांडण कसोटीवर सुटत नाही. 48 ग्रॅमवर अर्धा टक्का म्हणजे आपल्या धरलेल्या भावाने 2,400 रुपये. तेव्हा दुकानाबाहेरचा आकडा हवा असेल तर हॉलमार्किंग केंद्रात जा. सर्वसामान्य माणसाला स्वतःचा दागिना तिथे तपासून रीतसर अहवाल मिळतो. हॉलमार्क नसलेला जुना डाग घरात ठेवायला, विकायला किंवा बदलून घ्यायला कसलीच आडकाठी नाही. हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. नव्या बांगडीवर मात्र बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, 22के916 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) बघूनच घ्या. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय दुकानदाराला विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो.

सोनार ‘आटवून बघू’ म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. आटवल्यावर लगडीचा (वितळवून केलेल्या सोन्याच्या कांडीचा) टंच सगळ्यात खरा येतो हे बरोबर. पण एकदा लगड झाली की पाटल्या गेल्या. सौदा पटला नाही तरी तुम्ही लगड घेऊन पुढच्या दुकानात जाता, आणि तिथे तुमची बाजू पडती असते. आटवायचंच असेल तर आधी ग्रॅममागचा भाव कागदावर लिहून घ्या, आणि आटवताना समोर उभ्या राहा. मुशीत घालायच्या आधीचं वजन आणि लगडीचं वजन दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

वजनाबद्दल माझ्या मनात घर करून राहिलेली एक गोष्ट सांगतो. 1982 च्या गिरणी संपात लालबाग-परळच्या बायका मंगळसूत्रं घेऊन पेढ्यांच्या पायऱ्या चढत होत्या. मी नवा होतो. काळे मणी आणि दोरा यांचं म्हणून अंदाजाने 6 ग्रॅम वजा करायची तिथली रीत होती, मीही तसंच केलं. समोरची बाई म्हणाली, ‘दादा, मणी उतरवून तोला.’ मी दोरा कापला, पितळी थाळीत मणी ओतले, वाट्या आणि सोन्याचे मणी वेगळे करून काट्यावर ठेवले. काळे मणी आणि दोरा मिळून साडेतीन ग्रॅम भरले. अडीच ग्रॅम सोनं मी त्या बाईच्या पदरातून उचलत होतो, तेही संपात घर चालवायला निघालेल्या बाईच्या. त्या दिवसानंतर मी अंदाजाने वजावट कधी केली नाही आणि कोणी केलेली खपवून घेतली नाही. ज्यांच्याकडे खडे, मीना, मोती किंवा लाख भरलेली बोरमाळ आहे त्यांनी हे धरून ठेवावं: जे वजा करायचं ते आधी काढा, तोला, मग वजा करा. तुमच्या पाटल्या भरीव आहेत, तुम्हाला ही कटकट नाही. फक्त नेण्याआधी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण कोरड्या करा. नक्षीतला मळ गेला की ‘मळाचे म्हणून’ वजा करायला जागा उरत नाही.

आता मूळ मुद्दा, जो तुम्ही विचारला नाही पण मला सांगावासा वाटतो. तुम्ही घटीवर भांडताय. घट हा या सौद्यातला लहान तुकडा आहे. दुसऱ्या दुकानाचंच उदाहरण घ्या. तुम्ही 42 ग्रॅम चोख सोनं दिलंत. 39.66 ग्रॅमच्या 22 कॅरेट बांगड्या घेऊन आलात, त्यात चोख सोनं 36.33 ग्रॅम. म्हणजे 5.67 ग्रॅम, आपल्या भावाने 56,700 रुपये, या अदलाबदलीत गेले. त्यातले घटीचे फक्त 8,400. बाकी सगळे घडणावळ आणि जीएसटी. जीएसटीही फरकाच्या रकमेवर लागत नाही, नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज असतो आणि बिल हातात पडल्यावर वाद होतात.

म्हणून पाटल्या मोडण्याचं कारण काय, यावर माझं उत्तर अवलंबून आहे. पैशांची निकड असेल तर बिनदिक्कत दुसऱ्या दुकानात विका, सोनं अडीनडीसाठीच असतं. पण ‘पाटल्या जुन्या वाटतात, मुलीला हलक्या बांगड्या हव्यात’ एवढंच कारण असेल तर साडेतेरा टक्के सोनं त्यापायी घालवणं मला पटत नाही. पाटल्यांना उजाळा देऊन घ्या, मुलीच्या हाताला मोठ्या होत असतील तर माप कमी करून घ्या. त्याला मजुरी लागते, पण ती या 56,700 च्या जवळपासही जात नाही. कमी केलेला तुकडा मात्र न विसरता परत मागा. मुलीला रोजच्या वापराच्या बांगड्या हव्या असतील तर 10-12 ग्रॅमच्या नव्या वेगळ्या घ्या. हाताने ठोकलेल्या भरीव पाटल्या आज तेवढ्याच घडणावळीत कोणी करून देणार नाही, हे मी कारागिरांबरोबर उभं आयुष्य काढून सांगतोय.

तरीही मोडायच्याच ठरल्या आणि ओळखीचा, भरवशाचा सोनार असेल, तर तुमचंच सोनं देऊन बांगड्या घडवून घेण्याचा मार्ग आहे. मग जीएसटी सोन्यावर लागत नाही, फक्त मजुरीवर 5 टक्के. पण किती ग्रॅम दिले, कोणत्या टंचाचे दिले, किती ग्रॅम कोणत्या टंचाचे परत येणार आणि छिजत (घडवताना होणारी तूट) किती धरली, हे चारही आकडे सोनं देतानाच लिहून, सही करून घ्यायचे. भरवसा आहे म्हणून कागद नको, असं होऊ देऊ नका.

आयकराचं थोडक्यात. बदलून नवं घेतलं तरी कायद्याच्या नजरेत जुनं विकलंच जातं, आणि नफा झाला तर भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. 1 एप्रिल 2001 च्या आधीचा डाग असेल तर त्या दिवशीची बाजार किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ही रक्कम चार लाखांच्या घरातली आहे, म्हणून सीएला आधी विचारा. आणि विकलंत तर पैसे बँकेतच घ्या, पावतीवर वजन, टंच आणि भाव तिन्ही लिहिलेले असू द्या.

राहिली वहीतली चिठ्ठी. इथे कोणीच चुकलेलं नाही, तोळा बदलला आहे. आज बाजारात आपण 10 ग्रॅमला तोळा म्हणतो ती बोलायची सोय झाली. दशमान वजनं आणणारा कायदा 1956 चा, पण पेढीवरची सवय काही एका दिवसात गेली नाही. 1958 सालचा तुमचा सोनार जुन्या तोळ्यातच तोलत होता. तो तोळा 11.664 ग्रॅमचा. तोळ्याचे 12 मासे, म्हणजे मासा 0.972 ग्रॅमचा, आणि माशाच्या 8 गुंजा, म्हणजे गुंज साधारण 0.12 ग्रॅमची.

4 तोळे म्हणजे 46.656 ग्रॅम. दीड मासा म्हणजे 1.458. बेरीज 48.114 ग्रॅम. आज काटा 48 दाखवतो. पासष्टहून जास्त वर्षांत पाटल्या जेमतेम गुंजभर झिजल्या, सणावारालाच हातात चढल्या असणार. ही बेरीज चिठ्ठीच्या मागेच लिहून ठेवा आणि दिरांना दाखवा. त्यात कोणी काही घातलेलं नाही आणि काही काढलेलंही नाही.